तिसऱ्या पिस्टनला चढणारा भोंगा

पोचेमामांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी उन्हानं इतकी उडाली होती की ते आता फक्त त्यांनाच वाचता येत असे. सगळे त्यांना पोचेमामाच म्हणत. ट्रम्पेट, बिगुल, ट्रॉम्बोन, पितळेचं जे जे वाजतं आणि कधी ना कधी कुणाच्या तरी हातून पडतं, त्याचे पोचे काढणं हा त्यांचा चाळीस वर्षांचा धंदा. लांब लोखंडी सळईच्या टोकाला गोल गोळा असे. तो नळीत सरकवून आतून दाबायचा, बाहेरून लाकडी हातोडीनं हलकेच ठोकायचं, आणि पोचा जिथून आला तिथं परत पाठवायचा.

"पितळ गरीब असतं," मामा म्हणत. "मारलं की आत जातं, समजावलं की बाहेर येतं. माणसांचं तसं नाही."

मामांना स्वतःला एकही वाद्य वाजवता येत नव्हतं. कुणी त्यावरून छेडलं तर म्हणत, "न्हावी कधी स्वतःचे केस कापतो का?" आणि हातातल्या कामात डोकं घालत. पण वाद्याबद्दल त्यांचा शब्द शेवटचा. भोंगा ठीक आहे असं मामा म्हणाले की तो ठीक. मग सूर बिघडला तर दोष वाजवणाऱ्याचा.

बँडचा सराव अग्निशमन केंद्राच्या वरच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी चाले. खाली बंब, वर बँड. खाली घंटा झाली की दोन ट्रॉम्बोनवाले आणि ढोलवाला वाद्यं खुर्चीवर टाकून खांबावरून घसरत खाली जात, कारण ते तिथंच नोकरीला होते. त्या गडबडीत पडलेले ट्रॉम्बोन सोमवारी मामांकडे येत.

त्या रविवारी हॉलमध्ये दोन नवे सूसाफोन आले. सूसाफोन म्हणजे बँडमधला तो अजस्र भोंगा, जो माणूस हातात धरत नाही, अंगात घालतो. डाव्या खांद्यावर वेटोळं, कमरेला वळसा आणि डोक्यावर परातीएवढा कर्णा. बँडचा जुना भोंगा अस्सल पितळेचा, वर चांदीचा मुलामा, कर्ण्यावर वेलबुट्टी कोरलेली. जिथं तो खांद्यावर टेकायचा तिथला मुलामा किती माणसांनी झिजवला होता कोण जाणे. नवे भोंगे फायबरचे, पांढरेशुभ्र. नळ्यांचा मधला गुंता आणि बोटांनी दाबायचे पिस्टन तेवढे पितळेचे.

"मामा, आता तुमचं नाव बदला," ढोलवाला म्हणाला. "फायबरला पोचा येत नाही."

"पोचा येत नाही, तडा जातो," मामा म्हणाले. "तडेमामा म्हण. पण हे वाद्य नव्हे रे बाबा. ही बादली आहे. पितळ बोलतं. हे नुसतं ओरडेल."

नवे बँडमास्तर वयानं तरुण, शाळेत विज्ञान शिकवायचे, आवाज चढवून बोलणं त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी सहज विचारलं, "मामा, डोळे मिटून ओळखाल?"

"झोपेत ओळखेन."

झालं. मामांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं. वाजवणार होती त्यांची भाची, मोठ्या बहिणीची मुलगी. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायची आणि गेली सहा वर्षं बँडचा तो जुना भोंगा वाजवायची. अंगानं काडी. भोंग्यात शिरली की भोंगाच चालत आल्यासारखा दिसे.

तिनं आधी एकावर चार सूर वाजवले, मग दुसऱ्यावर तेच चार. पहिले सूर जरा चिमटीत धरल्यासारखे होते. दुसरे भरदार, गोल, जमिनीतून वर आल्यासारखे.

मामा भिंतीकडूनच म्हणाले, "दुसरं पितळ. यात विचारायचं काय?"

हॉलमध्ये असा हशा उसळला की खालून एक जवान बघायला वर आला. मामांनी वळून पाहिलं. भाचीच्या अंगात पांढरा भोंगा होता आणि चेहरा रडवेला.

"मामा, मी मुद्दाम नाही केलं हो."

मामा हसले. हसल्यासारखं केलं. पण त्यांचे कान लाल झालेले सगळ्यांनी पाहिले.

सराव संपल्यावर बँडमास्तरांनी त्यांना बाजूला घेतलं. स्टेशनसमोरच्या हॉटेलच्या मालकांना जुना भोंगा हवा होता. ते तो हॉटेलच्या दिवाणखान्यात उलटा टांगून आत दिवे लावणार होते.

"मला वाईट वाटतंय मामा. पण हॉलमध्ये जागा नाही, आणि जुना नव्याशी सुरात जुळत नाही. दोन्ही एकत्र वाजले की कानात भुंगा फिरल्यासारखं होतं. पुढच्या रविवारी शेवटचं बघू. जुळला तर राहील. नाही जुळला तर…"

"तर झुंबर," मामा म्हणाले.

मग ते म्हणाले, "आठवडाभर मला दोन्ही द्या. जुना आणि एक नवा."

"काय करणार?"

"बघतो."

मामांच्या तोंडून निघालेला हा शब्द त्यांच्या ओळखीचे लोक जाणून होते. एकदा मामा 'बघतो' म्हणाले की जेवणाची हाक दोनदा मारावी लागे.

सोमवारी संध्याकाळी भाची दुकानात आली तर दोन्ही भोंगे कामाच्या टेबलावर सुटे होऊन पडले होते आणि मामा नव्याचे सगळे भाग वजनकाट्यावर ठेवत होते.

"साडेनऊ किलो," मामा म्हणाले. "आणि हा आपला म्हातारा सोळा. तू सोळा किलो अंगावर घेऊन चालतेस?"

"मग काय? आईनं तुमच्याकडे किती वेळा गाऱ्हाणं केलं. तुम्ही म्हणायचात, सवय होते."

मामांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पण एका कागदावर आधी सोळा आणि साडेनऊ लिहिलं, आणि मग, बऱ्याच वेळानं, त्यापुढे 'खांदा' असा शब्द लिहिला.

मग दोघंही त्यात रमले. भाचीनं चष्म्याच्या दुकानातून काचेची जाडी मोजायचं मापयंत्र आणलं होतं. जुन्या कर्ण्याचं तोंड नव्यापेक्षा दोन इंच रुंद निघालं. जुन्याचे पिस्टन बुटके आणि जाड, जरा दाबले की काम फत्ते. नव्याचे उंच आणि सडपातळ, त्यांना बोट खोलवर न्यावं लागे. माउथपीस आणि मुख्य नळी यांच्यामध्ये मान वळवायला दोन छोटे वाकडे तुकडे असतात. जुन्याचे तुकडे नव्यात बसेनात, नव्याचे जुन्यात खुळखुळायला लागले.

"अंगठी वेगळ्या बोटाची," मामा म्हणाले. "पूर्वी ज्यानं त्यानं आपापल्या मापानं केलं. आता सगळ्यांचं माप एक. त्यानं सोय झाली खरी."

"मामा! तुम्ही नव्याला चांगलं म्हणालात!"

"सोय झाली म्हणालो. चांगलं कुठं म्हणालो?"

त्यांना खरं सतावत होतं ते वेगळंच. पितळ आणि फायबर यांच्या आवाजात ते फसले कसे? कर्ण्यावर बोटाची टिचकी मारली तर जुना टणत्कार करी आणि नवा पुठ्ठ्यासारखा 'ठक' करी. म्हणजे अंगाचा आवाज वेगळाच. पण वाजवताना अंग वाजत नाही, आतली हवा वाजते, असं बँडमास्तर म्हणाले होते. हवेला भांडं कशाचं आहे त्याच्याशी फार देणंघेणं नसतं, भांड्याच्या आकाराशी असतं. मामांनी ते तेव्हा एका कानानं ऐकलं होतं. आता त्यांना वाटलं, समजा पोरगा म्हणतो ते खरं. तरी जुन्याचा आवाज चिमटीत धरल्यासारखा का यावा? तोंड रुंद असल्यानं तो तर जास्त भरदार यायला हवा.

मंगळवारी त्यांनी भाचीला विचारलं, "नव्यावर वाजवताना तुला कसं वाटतं?"

"विचित्र. मास्तर म्हणतात, नव्यावर माझा सूर उतरतो. जुन्यावर तर कधी कुणी असं म्हणालं नाही. म्हणजे चुकतंय माझंच, पण कुठं ते कळत नाही."

"ओठ कच्चे," मामांच्या तोंडून सवयीनं गेलं.

"असतील," भाची म्हणाली.

बुधवारी ती फोनवर सूर दाखवणारं काटेयंत्र घेऊन आली. सूर नेमका लागला की काटा मधोमध उभा, चढला की उजवीकडे, उतरला की डावीकडे. मामांनी ते पहिल्यांदाच नीट पाहिलं आणि काटा हलताना बघून लहान मुलासारखे खूश झाले. त्यांनी स्वतःच तोंडानं 'ऊऽऽ' करून पाहिलं. काटा टोकाला जाऊन आपटला.

"बंद करा मामा, मोडेल तो."

"बरं, जुना अंगात घाल. आता एक कर. सूर सावरायचा नाही. ओठ मोकळे सोड आणि जसा येईल तसा येऊ दे. वाईट वाजव. मुद्दाम."

"सहा वर्षं चांगलं वाजव म्हणून ओरडताय…"

"आज वाईट वाजव."

तिनं एकही पिस्टन न दाबता फुंकलं. काटा मधोमध. मामांनी मान हलवली. दुसरा पिस्टन दाबून फुंकलं. काटा जरासा उजवीकडे कलला. पहिला दाबला, अजून थोडा कलला. तिसरा दाबला, चांगलाच कलला. तिन्ही एकदम दाबले तेव्हा काटा उजवीकडे असा पडला की दोघंही फोनवर वाकले.

मग नवा. तोही तिन्ही दाबल्यावर थोडा चढायचा. ती तर सगळ्याच भोंग्यांची जन्मखोड. पण जुन्याच्या मानानं काहीच नाही.

"अगं," मामा सावकाश म्हणाले, "ओठ कच्चे असते तर सगळीकडेच कच्चे असते. पिस्टन न दाबता पक्के आणि तिसऱ्याला कच्चे, असे कुठे ओठ असतात?"

भाचीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "म्हणजे सहा वर्षं मी पिस्टन दाबला की सूर खाली ओढत आले! म्हणून चिमटीत धरल्यासारखा येतो. आणि तीच सवय नव्यावर गेली म्हणून तिथं उतरतो!"

"तुझं काही चुकत नाही," मामा म्हणाले. "भोंगा चुकतोय."

चाळीस वर्षांत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा उच्चारलं असावं.

भाची उड्या मारत घरी गेली. मामा मात्र बसून राहिले. भोंगा चुकतो, पण का? ज्या कारागिरानं कर्ण्यावर एवढी नाजूक वेल कोरली, तो नळ्यांच्या लांबीत असा गलथानपणा करेल?

गुरुवारी सकाळी त्यांनी सुतळी घेतली. प्रत्येक पिस्टनला एक जास्तीची नळी जोडलेली असते. पिस्टन दाबला की हवा त्या नळीतून वळसा घालून येते, वाट लांबते, सूर खाली जातो. मामांनी दोन्ही भोंग्यांच्या त्या नळ्या सुतळीनं मोजल्या. जुन्याची दुसरी नळी पाव इंचाहून थोडी जास्त आखूड. पहिली पाऊण इंच. तिसरी इंचाहून आखूड. आखूड वाट, चढा सूर. काट्याचं म्हणणं सुतळीनं मान्य केलं.

मग मुख्य नळी. ती मात्र दोन्हींची सारखीच भरली. मामांनी पुन्हा मोजली. सारखीच. म्हणजे भोंग्याचं धड पुऱ्या मापाचं आणि हातपाय सगळे थोडे थोडे आखूड. असं माप कुणी घेतं का?

त्यांनी भोंगा खिडकीशी नेला आणि मुख्य नळीवरून अंगठा फिरवत गेले. एका वळणाच्या अलीकडे अंगठ्याला काहीतरी लागलं. लागलं म्हणजे खरं तर लागलंच नाही. दुसऱ्या कुणाला तिथं जोड आहे हे कळलंही नसतं, इतका तो सफाईदार होता. झाळ, म्हणजे जोडावर वितळवून घातलेला धातू, कुठंही ओघळलेली नाही, कड पितळेत विरून गेलेली. एवढी सफाई फक्त एका माणसाच्या हाताला होती.

मामांनी भोंगा खाली ठेवला आणि खुर्चीवर बसले.

चौतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. हा भोंगा झाला त्या काळी बँड जरा चढ्या सुरात वाजत. पुढे सगळीकडे सूर खाली आला, नवी क्लॅरिनेट आली, आणि हा एकटा पाव स्वरानं वर राहिला. तेव्हाचे बँडमास्तर तो मामांकडे घेऊन आले. मामा तेव्हा तिशीतले, नुकतं दुकान टाकलेलं, अंगात रग. त्यांनी मुख्य नळी कापून सहा इंचांचा तुकडा घातला. भोंगा खाली उतरला, क्लॅरिनेटशी जुळला, वाहवा झाली. पण धड वाढवलं तर हातपायही त्या मानानं वाढवावे लागतात, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. पिस्टन न दाबता वाजवून पाहिलं आणि 'झालं' म्हणाले. आणि एवढ्यावर थांबले असते तरी बरं होतं. मिरवताना नळ्या निसटून पडतात म्हणून त्यांनी तिन्ही सरकत्या नळ्यांना झाळीचा एकेक ठिपका देऊन त्या कायमच्या बसवून टाकल्या. त्या सरकत्या असत्या तर वाजवणाऱ्यानं आपलं आपण जुळवून घेतलं असतं.

आणि वाजवणारा तेव्हा कोण होता? दाजी. मामांच्या मोठ्या बहिणीचा नवरा, भाचीचे वडील.

दाजी पाणीखात्यात गळती शोधायचं काम करत. लांब सळई रस्त्यावर टेकवायची, दुसरं टोक कानाला लावायचं, आणि जमिनीखाली कुठली नळी कुठं झिरपते ते ऐकायचं. "इथं खणा," दाजी म्हणाले की मजूर तिथंच खणत, आणि पाणी तिथंच निघे. असा कान. आणि या माणसाला बँडमध्ये दोन वर्षं बेसूर म्हणत होते.

मामांना शब्द न् शब्द आठवला. दाजी भोंगा घेऊन दुकानात आले होते. म्हणाले होते, "ही तिसरी नळी जरा ओढून देता येईल का? तिसऱ्या पिस्टनला हा चढतो हो." आणि मामा वर न बघता म्हणाले होते, "नळीला हात लावायचा नाही. भोंगा ठीक आहे. ओठ कच्चे आहेत तुमचे, दाजी."

दाजींनी त्या महिन्यात बँड सोडला. नंतर चार जण आले आणि गेले, सगळे कच्च्या ओठांचे. दाजींनी मात्र पुन्हा भोंग्याला हात लावला नाही. त्यांचं माउथपीस शिवणाच्या डब्यात पडून असे. त्यातच फुंकून फुंकून भाचीला हा नाद लागला होता.

शुक्रवारचा दिवस कामात गेला. झाळीचे तीन ठिपके तापवून सोडवायचे, चौतीस वर्षं घट्ट बसलेल्या नळ्या तेल पाजून, ऊब देऊन, समजावून बाहेर काढायच्या. तिसरी नळी सगळ्यात हट्टी. संध्याकाळी ती एकदाची सरकली तेव्हा आतून हवेचा सुस्कारा आला.

सुतळीच्या मापानं तिन्ही नळ्या बाहेर ओढल्या आणि काम झालं. आता मामांसमोर दोन वाटा होत्या. पहिली गप्प राहायची. रविवारी भोंगा जुळला असता, झुंबर टळलं असतं, आणि 'मामांच्या हाताला यश आहे' असं सगळे म्हणाले असते. कुणी काही विचारलं नसतं. नळ्या मोकळ्या केल्या, एवढं सांगितलं असतं तरी पुष्कळ होतं. आणि तेवढं खोटंही नव्हतं. मामांनी ही वाट बराच वेळ न्याहाळून पाहिली. चांगली सपाट वाट होती.

शनिवारी दुपारी त्यांनी भोंगा हातगाडीवर घातला आणि बहिणीच्या घरी निघाले.

"हे धूड घरात कुठं आणतोस?" बहीण दारातच ओरडली. "आधीच तुझी भाची सोळा किलोचा संसार खांद्यावर वाहतेय!"

"ताई, दाजी आहेत?"

दाजी खिडकीजवळ बसून रेडिओचा मागचा पत्रा उघडत होते. सत्तरीचे, कानाच्या पाळ्या लांब, बोलणं कमी. त्यांनी भोंग्याकडे पाहिलं आणि परत रेडिओत डोकं घातलं.

"या. बसा."

मामा बसले नाहीत. वाटेत त्यांनी वाक्यं जुळवून ठेवली होती, ती दारातच सांडली.

"दाजी, तो तिसऱ्या पिस्टनला चढत होता."

"हो," दाजी म्हणाले.

"तुमचे ओठ कच्चे नव्हते. मी नळी कापली होती, बाकीच्या वाढवल्या नाहीत. वर ठिपके देऊन ठेवले. चूक माझी होती. चौतीस वर्षं."

भाची आतल्या दारात येऊन उभी राहिली होती. कापलेल्या नळीचं आणि वडिलांच्या ओठांचं तिला काहीच ठाऊक नव्हतं. ताई तर पदराला हात पुसत होती ती पुसतच राहिली.

"तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं," मामा म्हणाले. "मग बोलला का नाहीत?"

"बोललो होतो," दाजी शांतपणे म्हणाले. "तुम्ही म्हणालात, ओठ."

मामांनी भोंग्याची तिसरी नळी उगाच सरकवून पाहिली. 

"राग नव्हता," दाजी पुढे म्हणाले. "पण कानाला एक ऐकू यायचं आणि ओठांनी दुसरं करायचं, हे मला जमेना. हिनं जमवलं म्हणायचं. ही पक्की आहे." त्यांनी मुलीकडे मान केली.

"पण तुम्ही मला सांगितलं का नाही, बाबा? सहा वर्षं!"

"तू रोज इतक्या आनंदानं जायचीस. मला वाटलं, मामांनी दुरुस्त केला असेल."

ताई पुढे आली. "म्हणजे माझ्या नवऱ्याला बेसूर म्हटलं ते तू! आणि मी बाई इतकी वर्षं यांनाच टोमणे मारत आले, जमिनीतलं पाणी ऐकू येतं पण सूर ऐकू येत नाही म्हणून!"

"मार मला," मामा म्हणाले.

"मारून काय, पोचा येईल. आणि तो कोण काढणार?"

पहिले हसले ते दाजी. मग ताईच्या शिवणाच्या डब्यातून त्यांनी स्वतःच माउथपीस काढलं, सदऱ्याला पुसलं आणि भाचीला म्हणाले, "धर जरा, अंगात घालू दे."

फुंकल्यावर जे बाहेर पडलं त्याला सूर म्हणणं कठीण होतं. म्हैस चिखलातून उठताना करते तसलं काहीतरी. दाजींनी ओठ चोळले.

"आता मात्र खरंच कच्चे झाले," ते म्हणाले.

"बाबा, मी वाजवते. तुम्ही ऐका."

भाचीनं वाजवलं. ओठ मोकळे सोडून, काही न सावरता. एकेक पिस्टन, मग तिन्ही. घराच्या काचा थरथरल्या. दाजी डोळे मिटून, मान एका बाजूला कलती करून ऐकत होते, रस्त्यावर सळई टेकवून ऐकत तसे. मामा त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. फोनचा काटा कुणालाच आठवला नाही.

"उद्या मीही येतो," दाजी एवढंच म्हणाले.

रविवारी सकाळी हॉलमध्ये सगळे जमल्यावर मामा उभे राहिले. चारचौघांत बोलायची त्यांना सवय नव्हती. ते कर्ण्यावरच्या वेलीकडे बघत बोलले, पण सगळं बोलले: कापलेली नळी, ठिपके, ओठ, दाजी आणि ते चार जण. ढोलवाल्यानंसुद्धा मध्ये काही विनोद केला नाही.

"हे सांगायची गरज नव्हती, मामा," बँडमास्तर म्हणाले.

"भोंग्याला होती," मामा म्हणाले. "नाही तर पुढचा कुणी परत ओठ म्हणेल. आणि दुसरं एक. तो नवा मी बादली म्हणालो होतो, ती बादली नाही. चालताना पोरीनं तोच घालावा. जुना खुर्चीवर बसून वाजवायला ठेवा. खांदा माणसाचा असतो."

मग परीक्षा. एका ट्रॉम्बोनवाल्यानं नवा भोंगा अंगात घातला, भाचीनं जुना. बँडमास्तर समोर फोन धरून उभे राहिले. पिस्टन न दाबता दोघं एकत्र वाजले तेव्हा एकच मोठा सूर आला. पहिला पिस्टन. तिसरा. कानातला भुंगा कुठंच नव्हता. तिन्ही दाबून दोघं लांब श्वास घेऊन वाजले तेव्हा खिडकीच्या कडीनं सुद्धा साथ दिली.

"हॉटेलवाल्यांना फुटकी झांज पाठवू," बँडमास्तर हसत म्हणाले. "तिचं घड्याळ छान होईल."

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मामांनी कपाळ पुसलं आणि हत्यारांची पिशवी बांधायला घेतली. एवढ्यात मागच्या बाकावरून दाजींचा आवाज आला. मोठा नव्हता, पण ज्याच्या शब्दावर रस्ते खणले जात त्या माणसाचा होता.

"दुसऱ्याला अजून केसभर चढतो."

सगळे थबकले. बँडमास्तरांनी भाचीला खूण केली. तिनं दुसरा पिस्टन दाबून फुंकलं. काटा मधोमध होता. बँडमास्तरांनी फोन डोळ्यांजवळ नेला, मग अजून जवळ.

"काही दिसत नाही हो मला," ते म्हणाले.

मामांनी पिशवीची गाठ सोडली. काट्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. ते भाचीसमोर गुडघ्यावर बसले, दुसरी नळी अंगठा आणि बोट यांच्यात धरली आणि केसभर बाहेर ओढली.

मग मागं वळून विचारलं, "आता, दाजी?"